‘सिटी स्ट्रीट्स’ (१९३१): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुने हॉलिवूडपट पाहणाऱ्यांकडून या सिनेमाबद्दल तेच ते प्रश्न येत असतात, म्हणून उत्तरं एका ठिकाणी मांडली आहेत. आधीच सांगून ठेवतो, गोष्ट शेवटापर्यंत फुटणार आहे. ज्यांना कोरं जाऊन पाहायचंय त्यांनी आधी सिनेमा पाहावा, मग इथे यावं.

हा नेमका कोणता ‘सिटी स्ट्रीट्स’?

पॅरामाउंट स्टुडिओचा, एप्रिल १९३१ मध्ये अमेरिकेत लागलेला. दिग्दर्शक रूबेन मामूलियन, नायक गॅरी कूपर, नायिका सिल्व्हिया सिडनी, छायाचित्रण ली गार्म्स. लांबी दीड तासाच्या आत. त्याच वर्षीच्या जानेवारीत चॅप्लिनचा ‘सिटी लाइट्स’ आला होता, तो वेगळा. १९३८ साली कोलंबिया स्टुडिओनं याच नावाचा एक चित्रपट काढला, त्याचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. भरीस भर म्हणून सिल्व्हिया सिडनीचा ‘स्ट्रीट सीन’देखील १९३१ चाच. त्यामुळे शोधताना साल आणि दिग्दर्शक दोन्ही टाकलेलं बरं.

गोष्ट काय आहे?

नॅन कूली ही बेकायदा बिअरच्या धंद्यातल्या माणसाची, पॉप कूलीची, सावत्र मुलगी. तिचं प्रेम जत्रेत नेमबाजीचा स्टॉल चालवणाऱ्या एका पोरावर. त्याला अख्ख्या सिनेमात धड नाव नाही, सगळे त्याला ‘किड’ म्हणतात. नेम अचूक, खिसा रिकामा. नॅन त्याच्या मागे लागते की तूही धंद्यात ये, पैसा कर, म्हणजे आपल्याला संसार थाटता येईल. तो नाही म्हणतो. त्याला तो पैसा नकोच असतो.

टोळीचा बडा म्होरक्या मॅस्कल. त्याचा डोळा ब्लॅकी नावाच्या हाताखालच्या म्होरक्याच्या मैत्रिणीवर, अ‍ॅगीवर. ब्लॅकी आड येतो म्हणून मॅस्कल पॉपकरवी त्याचा काटा काढतो. खून करून झाल्यावर पॉप पिस्तूल सोपवतो कुणाच्या हाती, तर पोरीच्या. नॅन पकडली जाते. तोंड उघडत नाही, कारण टोळीचे वकील आपल्याला सोडवतील असा तिचा भाबडा विश्वास. कुणी सोडवत नाही. ती तुरुंगात जाते.

बाहेर पॉप किडला गाठतो. नॅनला सोडवायला पैसा लागेल, आमच्यात ये. ज्या गोष्टीला किडनं प्रेमापोटी नकार दिला होता, तिलाच तो प्रेमापोटी होकार देतो. आणि गडी त्यात तरबेज निघतो. इकडे तुरुंगात नॅनचे डोळे उघडलेले असतात. बरोबरच्या एका कैदी बाईचा गुंड प्रियकर गोळ्यांना बळी पडलेला तिनं पाहिलेला असतो. अशात किड भेटायला येतो, झकपक कोटात, आणि ऐटीत सांगतो की मीही आता तुझ्या बापाबरोबर आहे.

ती सुटून येते, त्याला विनवते, तो ऐकत नाही. मॅस्कलची नजर आता नॅनवर. तिच्या स्वागताची पार्टी देऊन तो तिला रात्रभर आपल्याबरोबर नाचायला लावतो. किड भिडतो, मॅस्कल त्याच्यावर माणसं घालतो, तो त्यांना पुरून उरतो. त्याचा जीव वाचवायला नॅन एकटी मॅस्कलकडे जाते. तिथे टाकून दिलेली अ‍ॅगी मॅस्कलला गोळी घालते आणि आळ नॅनवर ढकलते. किड टोळीची सूत्रं हातात घेतो, पण टोळीतले काहीजण नॅनचा सूड घ्यायच्या तयारीत. शेवटची गाडीतली फेरी आणि सुटका, त्याबद्दल खाली.

मग याला गँगस्टरपट म्हणायचं की प्रेमकथा?

कथानक टोळीचं, पण चालतं ते चुकामुकीवर. सुरुवातीला ती त्याला धंद्यात ओढते आणि तो नाकारतो. मध्यावर तिला धंद्याची किळस येते आणि नेमका तेव्हा तो त्यात गळ्यापर्यंत बुडालेला असतो. दोघंही एकमेकांसाठीच जागा बदलतात, आणि बदलताना वाटेत एकमेकांना ओलांडून जातात. बाकी खून, ट्रक, पिस्तुलं हे सगळं या चुकामुकीला जागा करून देण्यापुरतं.

त्या काळच्या बहुतेक गुंडपटांत बाई म्हणजे गुंडाच्या यशाची खूण: नवा सूट, नवी मोटार, नवी बाई. इथे मात्र गोष्टीतलं प्रत्येक मोठं वळण नॅनच्या आसपास घडतं. तिचा हट्ट, तिचं मौन, तिची शिक्षा, तिचं शहाणपण. किड बऱ्याचदा तिच्या एक पाऊल मागे असतो. माझ्या मते हा सिनेमा तिचा आहे.

बिअरसाठी एवढी मारामारी? नीट कळत नाही.

अमेरिकेत १७ जानेवारी १९२० पासून ५ डिसेंबर १९३३ पर्यंत देशव्यापी दारूबंदी होती. अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त मद्यार्क असलेलं कुठलंही पेय बनवणं, नेणं, विकणं गुन्हा. लोकांची तहान मात्र कायद्यानं भागत नाही.

त्यातही बिअरची गोष्ट व्हिस्कीपेक्षा वेगळी. व्हिस्की थोडी पुरते, खोक्यांतून, सरहद्दीवरून, बोटीतून आणता येते. बिअर अवजड आणि स्वस्त. नफा हवा तर ती पिंपंच्या पिंपं खपली पाहिजे. त्यासाठी खराखुरा कारखाना लागतो, ट्रक लागतात, ड्रायव्हर लागतात, आणि एवढा पसारा झाकून राहत नाही म्हणून पोलिसांपासून पुढाऱ्यांपर्यंत सगळ्यांचे हात ओले करावे लागतात. शिवाय दुकानदारानं आपलीच बिअर घ्यावी यासाठी इलाखा ताब्यात हवा. इलाख्यावरूनच गोळ्या चालत. शिकागोत १४ फेब्रुवारी १९२९ रोजी एका गॅरेजमध्ये सात जणांना भिंतीशी उभं करून मारलं, तेही याच वैरातून.

सिनेमाची सुरुवात या धंद्याच्या वर्णनानंच होते, आणि ती पाहण्यासारखी आहे. ट्रक, कारखाना, फेसाळत वाहणारी बिअर. मग तो प्रवाह नदीच्या पाण्यात मिसळून जातो आणि पाण्यावरून एक टोपी तरंगत येते. टोपीवाल्याचं काय झालं ते कुणी सांगत बसत नाही.

प्रेक्षकाला हे सगळं वर्तमानपत्रातून रोज कळत होतं. अल कपोनला करचुकवेगिरीसाठी ११ वर्षांची शिक्षा झाली ती ऑक्टोबर १९३१ मध्ये, म्हणजे हा सिनेमा लागल्यावर सहा महिन्यांनी. आपल्याला जे ऐतिहासिक वाटतं ते त्यांच्यासाठी त्या आठवड्याची बातमी होती.

तुरुंगातला तो प्रसंग एवढा का गाजला?

कारण तिथे हॉलिवूडनं कान उघडले असं म्हटलं तरी चालेल.

रात्रीची कोठडी. नॅन एकटी. कॅमेरा तिच्या चेहऱ्याजवळ येतो. ओठ हलत नाहीत, दुसरं कुणी खोलीत नाही. आणि आवाज ऐकू येऊ लागतात: किडचा, तिचा स्वतःचा, आधी आपण प्रत्यक्ष ऐकलेली वाक्यं. पैशाची, धंद्यात येण्याची, नकाराची. तेव्हा ती वाक्यं लाडीगोडीची होती. आता तीच, त्याच सुरात, तिला बोचतायत. सिडनीला काहीच करायचं नाही, फक्त ऐकायचं आहे, आणि ती इतकं छान ऐकते की आपली नजर तिच्या चेहऱ्यावरून हलत नाही.

आजच्या प्रेक्षकाला यात नवल वाटणार नाही. मालिकांमध्ये सासू-सुनांच्या मनातले संवाद आपण जेवताजेवता ऐकतो. पण १९३१ साली परिस्थिती काय होती ते पाहा. ‘द जॅझ सिंगर’ ऑक्टोबर १९२७ चा, म्हणजे बोलपट जेमतेम साडेतीन वर्षांचा. प्रेक्षकाला सवय एवढीच की पडद्यावर माणूस बोलतो आणि त्याचा आवाज येतो. तोंड बंद असताना आवाज आला तर यंत्र बिघडलं असं वाटेल, अशी भीती स्टुडिओतल्या वरिष्ठांना होती. लोक गोंधळतील, हे काढून टाका, असं त्यांचं म्हणणं पडलं होतं, ही हकिगत मामूलियन पुढे मुलाखतींत सांगत असे. प्रेक्षक काही गोंधळले नाहीत.

मूकपटाच्या काळात हाच प्रसंग कसा झाला असता? नॅनचा चेहरा, मग धूसर होत जत्रेतलं जुनं दृश्य, मग पुन्हा चेहरा. चित्रातून भूतकाळ. मामूलियननं चित्र वर्तमानात रोखून धरलं आणि भूतकाळ फक्त आवाजात आणला. प्रेक्षकानं एकाच क्षणी दोन काळांत असायचं. हे फक्त बोलपटालाच जमणार होतं, आणि गंमत अशी की जमलं ते न बोलणाऱ्या चेहऱ्यावर.

म्हणजे मनातला आवाज ऐकवणारा हा जगातला पहिला सिनेमा?

तसं बेधडक लिहिलेलं बऱ्याच ठिकाणी सापडेल. इतकं सरळ नाही. इंग्लंडमध्ये हिचकॉकच्या ‘मर्डर!’ (१९३०) मध्ये हर्बर्ट मार्शल आरशासमोर दाढी करत असतो, रेडिओवर वाग्नरचं संगीत चालू असतं आणि त्याचे विचार आपल्याला ऐकू येतात. तेव्हा तिथे वेगवेगळ्या ध्वनिपट्ट्या नंतर मिसळायची सोय नव्हती. म्हणून मार्शलचा आवाज आधी मुद्रित करून चित्रीकरणाच्या वेळी सेटवर वाजवला, आणि न्हाणीघराच्या सेटमागे तीसेक वादकांचा अख्खा वाद्यवृंद बसवला. एका दाढीसाठी एवढा खटाटोप! त्याआधी १९२९ च्या ‘ब्लॅकमेल’मध्येही खून करून आलेल्या मुलीला शेजारणीच्या बडबडीतला फक्त ‘चाकू’ हा शब्द टोचत राहतो, तो प्रसंग आहे.

फरक बारीक पण महत्त्वाचा. ‘मर्डर!’मध्ये माणूस त्या क्षणी विचार करतोय. नॅन विचार करत नाही, तिला जुनं ऐकू येतंय, आणि ते आपल्यालाही ओळखीचं आहे. आठवणीचा आवाज प्रेक्षकाच्या आठवणीलाही हात घालतो. श्रेय द्यायचं तर मामूलियनला याचं द्यावं, ‘पहिला’ या पदवीसाठी भांडत बसू नये.

मामूलियन कोण? आधी काय केलं होतं?

जन्म १८९७, तिफ्लिस, म्हणजे आजचं जॉर्जियातलं त्बिलिसी. घर आर्मेनियन. नाटकाचे धडे मॉस्कोत, मग १९२३ च्या सुमारास अमेरिकेत रोचेस्टरला ऑपेरा बसवायला, तिथून ब्रॉडवेवर. १९२७ च्या ‘पोर्गी’ नाटकानं नाव झालं. त्यात वस्ती सकाळी जागी होते तेव्हाचे आवाज, घोरणं, झाडू, हातोडा, असे एकात एक गुंफत त्यानं ठेका धरला होता. हीच युक्ती त्यानं १९३२ च्या ‘लव्ह मी टुनाइट’च्या सुरुवातीला पॅरिसच्या गल्लीत पुन्हा वापरली. माणूस कानानं विचार करणारा, हे ध्यानात आलं की ‘सिटी स्ट्रीट्स’ नीट कळतो.

पहिला सिनेमा ‘अप्लॉज’ (१९२९). तिथे आई गाणं म्हणत मुलीला निजवतेय आणि मुलगी पुटपुटत प्रार्थना करतेय, दोन्ही एकाच वेळी ऐकू यायला हवं असा त्याचा आग्रह. ध्वनिमुद्रक म्हणाले अशक्य, माइक एकच असतो. हा म्हणाला दोन लावा आणि नंतर एकत्र करा. झालं. त्या काळात कॅमेऱ्याची घरघर माइकमध्ये जाऊ नये म्हणून कॅमेरा काचेच्या बंद खोलीत कोंडत, त्यामुळे सिनेमे नाटकासारखे एका जागी थिजले होते. मामूलियननं ती खोलीच चाकांवर फिरवली. ‘सिटी स्ट्रीट्स’ त्याचा दुसरा सिनेमा. त्याच वर्षाच्या अखेरीस तिसरा, ‘डॉ. जेकिल अँड मि. हाइड’, त्यात त्यानं स्वतःच्या हृदयाचे ठोके मुद्रित करून वापरले.

सिनेमात दहा खून होतात आणि एकही दिसत नाही, हे खरं?

मामूलियनचाच तो दावा आहे आणि तो त्याला अभिमानानं मिरवत असे. आकड्यापेक्षा रीत पाहावी. मृत्यू टोपीतून कळतो, चेहऱ्यावरून कळतो, आवाजातून कळतो. गोळी झाडणारा आणि गोळी लागणारा एकाच चौकटीत समोरासमोर असा सरधोपट प्रकार तो टाळतो. यामागे सेन्सॉरची धास्ती किती आणि दिग्दर्शकाचा स्वभाव किती याचा हिशेब करता येईल, पण मला स्वभावाचं पारडं जड वाटतं. ज्याला टोपीतून खून दाखवता येतो तो रक्त कशाला सांडेल?

प्रेमाच्या बाबतीतही तीच गत. सगळ्यात उत्कट चुंबन तुरुंगाच्या भेटीच्या खोलीत, दोघांच्या मध्ये जाळी. ओठ जाळीला टेकतात. स्पर्श झाला आणि झालाही नाही. चुकामुकीच्या गोष्टीला याहून नेमकं चित्र सापडलं नसतं, आणि गार्म्सचा प्रकाश जाळीच्या त्या चौकटी दोघांच्या चेहऱ्यांवर अशा पाडतो की कैदी कोण आणि भेटायला आलेला कोण, क्षणभर कळत नाही. (गार्म्सला पुढच्याच वर्षीच्या ‘शांघाय एक्स्प्रेस’साठी ऑस्कर मिळालं.)

नायिका आधी दुसरीच ठरली होती ना?

हो, क्लारा बो. मूकपटांच्या अखेरच्या वर्षांत पॅरामाउंटचं सगळ्यात खणखणीत नाणं. पण १९३१ च्या जानेवारीत तिच्या माजी सेक्रेटरीवरचा खटला उभा राहिला, खासगी आयुष्याची लक्तरं वर्तमानपत्रांनी वेशीवर टांगली, आणि माइकची धास्ती तिला आधीपासून होतीच. तब्येत कोलमडली, ती सिनेमातून बाहेर पडली. तिच्या जागी विशीतली, नाटकातून आलेली सिल्व्हिया सिडनी आली.

बो असती तर सिनेमा वेगळा झाला असता. ती चुळबुळी, सतत हालचालीत असणारी नटी. सिडनीचं बळ स्थिर चेहऱ्यात. मोठे डोळे, जरा वेळानं उमटणारं हसू, आणि दुखलं तरी न दाखवायचा ताठा. कोठडीतला प्रसंग तिच्याशिवाय उभा राहिला नसता.

सिडनीचं पुढे काय झालं?

१९३१ हे तिचं वर्ष ठरलं, पाठोपाठ ‘अ‍ॅन अमेरिकन ट्रॅजेडी’ आणि ‘स्ट्रीट सीन’. पुढे हिचकॉकचा ‘सबोटाज’, फ्रिट्झ लांगचे ‘फ्युरी’ आणि ‘यू ओन्ली लिव्ह वन्स’. सोसलेल्या दुःखाच्या भूमिकांना ती कंटाळली होती. आजच्या पोरांनी तिला नक्की पाहिलंय, फक्त ओळखलेलं नाही: टिम बर्टनच्या ‘बीटलज्यूस’ (१९८८) मध्ये मेलेल्यांच्या कचेरीत सिगारेट ओढत बसलेली खडूस बाई तीच. ‘मार्स अटॅक्स!’ (१९९६) मधली आजीही तीच. १९९९ साली गेली.

गॅरी कूपर गुंड म्हणून पटतो का?

पटत नाही, आणि ते सिनेमाच्या पथ्यावर पडतं. मोंटानात जन्मलेला, ‘द व्हर्जिनियन’नं नुकताच काउबॉय म्हणून घराघरांत पोचलेला उंच, अबोल गडी. जत्रेतल्या स्टॉलवर तो काउबॉयच्या टोपीतच उभा आहे, जणू पश्चिमेकडचा माणूस शहराच्या गर्दीत वाट चुकून आलाय. पुढे तो भारी कपड्यांत येतो तेव्हा कपडे त्याचे वाटत नाहीत, भाड्यानं आणल्यासारखे वाटतात. नॅनला जे खटकतं तेच आपल्यालाही खटकतं.

‘द पब्लिक एनेमी’तला कॅग्नी किंवा ‘लिटल सीझर’मधला रॉबिन्सन यांच्यासारखी ठिणगी त्याच्यात नाही. टोळीवर तो हुकूम चालवतो ते आवाज न चढवता, आणि ते मात्र झकास जमलंय. त्या वर्षी स्टुडिओनं त्याला एकामागून एक सिनेमांना इतकं जुंपलं होतं की तब्येत पार ढासळली आणि काम टाकून तो युरोपला निघून गेला.

गाय किबी तोच का, जो विनोदी भूमिका करायचा?

तोच. आणि या सिनेमातला खरा अंगावर काटा आणणारा माणूस मॅस्कल नव्हे, किबीचा पॉप. गुबगुबीत, हसतमुख, घरचा माणूस. खून करतो आणि पिस्तूल लेकीच्या हातात देतो, तेसुद्धा बाजारातून आणलेली पिशवी द्यावी तसं. मग तिला शिक्षा होते तरी त्याच्या भुकेवर परिणाम होत नाही. रागावणारा खलनायक कळतो, हा कळत नाही. पुढच्या वर्षांत किबीला लोकांनी विनोदी म्हणूनच पाहिलं, त्यामुळे आज उलट दिशेनं पाहताना तो आणखी भीतिदायक वाटतो.

कथा डॅशिएल हॅमेटची आहे म्हणतात. पडद्यावर हॅमेट किती उरलाय?

कथा त्याचीच, थेट सिनेमासाठी लिहिलेली. पटकथा ऑलिव्हर गॅरेट आणि मॅक्स मार्सिन यांच्या हातून गेली. हॅमेट स्वतः पिंकर्टन संस्थेत गुप्तहेर होता, ‘द माल्टीज फाल्कन’ ही कादंबरी १९३० ची, म्हणजे तो तेव्हा ऐन भरात. टोळीतल्या माणसांचा कोरडेपणा, कुणीच कुणाला काही नीट न सांगणं, बाईनं तोंड न उघडण्याची किंमत, हे त्याचं वाटतं. पाखरं, पाणी, प्रकाश आणि प्रेमाचा ओलावा मामूलियनचा. हॅमेटच्या एखाद्या कादंबरीत हे जोडपं असं सुखरूप सुटलं असतं असं मला काही वाटत नाही.

‘लिटल सीझर’ आणि ‘द पब्लिक एनेमी’ यांच्यापुढे हा मागे का पडला?

तिन्ही १९३१ चे, ‘पब्लिक एनेमी’ तर त्याच एप्रिलमधला. वॉर्नर स्टुडिओच्या त्या दोन्ही सिनेमांत एक साचा पक्का झाला: गरीब पोरगा चढतो, माजतो, शेवटी कुत्र्याच्या मौतीनं मरतो. लोकांना तो चढ-उतार हवा होता, आणि नट असे की त्यांची नक्कल पानाच्या टपरीवरही करता यावी. पुढच्या वर्षी ‘स्कारफेस’नं त्यावर शिक्का मारला. ‘सिटी स्ट्रीट्स’ त्या साच्यात बसत नाही. नायक मरत नाही, आणि मोठं होणं हे त्याचं स्वप्नही नव्हतं. गुंडपटांच्या याद्या करणाऱ्यांना तो प्रेमपट वाटतो, प्रेमपटांच्या याद्या करणाऱ्यांना गुंडपट. दोन्ही याद्यांतून सुटतो.

गुन्हेगार शिक्षेविना सुटतात हे तेव्हा चालत होतं?

हॉलिवूडची आचारसंहिता १९३० मध्येच लिहून झाली होती, पण तिला दात आले ते जुलै १९३४ मध्ये. मधल्या चार वर्षांत बरंच खपून गेलं. किड टोळीचा म्होरक्या होऊन, बेकायदा धंदा करून, नॅनसह मोकळा निघून जातो; १९३४ नंतर हा शेवट मंजूर होणं कठीण होतं.

शेवटच्या गाडीच्या प्रसंगाबद्दल सांगा.

सूड घ्यायला निघालेले गुंड मागच्या सीटवर, पिस्तुलं तयार. त्यांच्या भाषेत ही ‘फेरी’, म्हणजे नेऊन मारणं. गाडी चालवतोय किड, शेजारी नॅन. तो काय करतो, तर वेग वाढवतो. इतका की त्याला गोळी घातली तर सगळेच मरतील. मारणाऱ्यांच्या हातात पिस्तूल आहे, पण चाक त्याच्या हातात. मग शेजारून आगगाडी, तिच्याशी शर्यत, घाटरस्ता, आणि मागच्या सीटवरच्या मर्दांचे पांढरे पडलेले चेहरे. गोळी न झाडता, कुणाला न मारता तो बाजी पलटवतो. नेमबाजाच्या गोष्टीचा शेवट नेमाविना होतो, हे मला भारी आवडतं.

त्या वेळी आपल्याकडे काय चाललं होतं?

‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत गिरगावातल्या मॅजेस्टिकमध्ये लागला, म्हणजे ‘सिटी स्ट्रीट्स’च्या महिनाभर आधी. आवाजाची डोकेदुखी तीच, साधनं मात्र फार तुटपुंजी. आर्देशिर इराणींच्या स्टुडिओजवळून रेल्वे जायची, म्हणून चित्रीकरण गाड्या बंद झाल्यावर मध्यरात्रीनंतर, आणि माइक सेटवर नटांच्या आसपास लपवलेले. नायक होते मास्टर विठ्ठल. हिंदुस्तानी बोलणं अडखळत होतं म्हणून पहिल्या बोलपटाच्या नायकाला बराच वेळ न बोलता ठेवावं लागलं! मराठीतला पहिला बोलपट, प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’, फेब्रुवारी १९३२ मध्ये आला.

गुंड नायक आणि त्याला सुधारू पाहणारी प्रेयसी हे आपल्याकडे पुढे आलं: १९४३ चा ‘किस्मत’, १९५१ चा ‘बाजी’. आणि खऱ्या आयुष्यातली दारूबंदीही आली. मुंबई राज्याचा १९४९ चा कायदा, मग हातभट्ट्या, ‘आंटी’चे अड्डे आणि त्या पैशावर पोसलेले वरदराजनसारखे दादा. सिनेमातला बिअरचा धंदा मुंबईकराला वेगळा समजावून सांगावा लागत नाही तो यामुळे.

यात काहीच खोट नाही का?

आहे की. मॅस्कल झालेला पॉल लुकास हंगेरियन, आणि अमेरिकी टोळीच्या म्होरक्याच्या तोंडी ते उच्चार खटकतात. प्रतीकांचा सोसही जरा जास्त: बायकांच्या मत्सराच्या जागी मांजरांच्या मूर्ती दाखवणं तेव्हा चतुर वाटलं असेल, आज डोळा मारल्यासारखं वाटतं. शेवटची उडती पाखरंही नसती तरी चाललं असतं. किडचा टोळीत शिरकाव आणि बढती इतक्या झपाट्यानं होते की मधली पानं गळल्यासारखी वाटतात. अ‍ॅगीला (विन गिब्सन) आणखी जागा मिळायला हवी होती; टाकलेल्या बाईचा राग ती दोन-तीन प्रसंगांतच उभा करते.

पाहायचा असेल तर कसा पाहू?

इंटरनेटवर घासून गुळगुळीत झालेल्या प्रतींवरून आलेल्या फाइल फिरतात. त्यात चित्र कसंबसं दिसतं, पण आवाजाचा चिखल झालेला असतो, आणि या सिनेमात आवाजच गेला तर उरलं काय? पॅरामाउंटच्या १९५० पूर्वीच्या बहुतेक बोलपटांचे हक्क आज युनिव्हर्सलकडे आहेत, त्यांच्याकडून आलेली प्रत मिळाली तर तीच घ्या. अमेरिकेत १९३१ च्या चित्रपटांचे हक्क २०२६ च्या अखेरीस संपतात, त्यामुळे १ जानेवारी २०२७ पासून तिथे तो सर्वांसाठी खुला.

हेडफोन लावून पाहा. त्या काळात प्रसंगाप्रसंगाखाली संगीत अंथरायची पद्धत अजून रुळली नव्हती, त्यामुळे मधल्या शांततेला रिकामी समजून आवाज वाढवू नका, पुढच्याच क्षणी दचकाल. आणि एका बैठकीत पाहा. कोठडीत ऐकू येणारी वाक्यं आधीची आहेत; मध्येच थांबून दुसऱ्या दिवशी लावलात तर ती तुमच्या कानात नसतील.